नाशिकचीं मैदानें व एका शाळेचा पावसाळी हंगाम

नाशिक म्हटलें म्हणजे परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें रामकुंड, काळारामाचें देऊळ, पांडवलेणीं आणि अलीकडे द्राक्षांचे मळे एवढेंच चित्र उभें राहतें. यात्रेकरू सकाळीं उतरतो, गंगेवर स्नान उरकतो (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतों, हें वाचकांस ठाऊक असेलच), पंचवटी पाहतो आणि दुपारच्या गाडीनें त्र्यंबकास निघून जातो. देवळें दाखवावयास त्याला वाटाडे मिळतात. मैदानें दाखवावयास कोणी मिळत नाहीं, आणि तो तीं मागतही नाहीं. मला मात्र कोणत्याही गांवीं गेलें म्हणजे शाळा सुटण्याच्या वेळीं मुलें कोणीकडे पळतात तें पाहण्याची जुनी खोड आहे. त्याच वाटेनें आज वाचकांस नाशिक दाखवावें, आणि ज्या हायस्कुलांत मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें तेथील फुटबॉल-संघाचा २०१९ सालचा हंगाम कसा गेला तेंही सांगावें, असा मनोदय आहे.

नाशिक या नांवाची एक व्युत्पत्ति शूर्पणखेच्या नासिकेशीं जोडतात. दुसरी 'नवशिखा' अशी आहे, म्हणजे नऊ टेकड्यांवर वसलेलें गांव. संस्कृतच्या शिक्षकानें पहिलीचा पक्ष घ्यावा हें स्वाभाविक. परंतु चेंडू घेऊन जो एकदां जुन्या नाशकांतून चालला असेल तो दुसरीस मत दिल्यावांचून राहणार नाहीं. येथील कोणत्याही बोळांत चेंडू हातांतून निसटला कीं तो थेट गंगेची वाट धरतो. गल्ल्या उताराच्या, वाडे एकमेकांस टेकलेले, चौक म्हणजे चार घरांच्या पागोळ्या पडतील एवढी जागा. अशा गांवांत कोणता खेळ रुजावा? जो उभा वाढतो तो. मल्लखांबास दोन हात जागा पुरे होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांस मल्लखांबाची विद्या सप्तशृंगीच्या गडावर उपासना करतां करतां साध्य झाली अशी परंपरागत कथा आहे. तो गड आमच्याच जिल्ह्यांत, वणीजवळ. आमच्या यशवंत व्यायामशाळेंत मल्लखांबावर चढलेल्यांच्या पिढ्या झाल्या. फुटबॉलाची गोष्ट निराळी. त्याला शंभर यार्ड लांब आणि साठ-सत्तर यार्ड रुंद अशी सपाट भुई पाहिजे, आणि ती नऊ टेकड्यांत कोठून यावी?

गांव टेकड्यांवरून खालीं उतरून पश्चिमेस पसरूं लागलें तेव्हां मैदानें दिसूं लागलीं. गोखले एज्युकेशन सोसायटीनें १९२४ मध्यें हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज काढलें. १९३७ मध्यें डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं भोंसला मिलिटरी स्कूल उभारलें. त्या बाजूस अजूनही आकाश मोठें दिसतें. त्र्यंबक नाक्याजवळचें गोल्फ क्लबाचें मैदान तर नांवावरूनच साहेबी. त्याचें आजचें नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असें आहे, परंतु रिक्षावाल्यास जुनेंच नांव सांगावें लागतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सनवर ज्यानें गोळी झाडली आणि १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत जो फांशीं गेला, तो कान्हेरे तेव्हां अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. मैदानास एखाद्या पोक्त पुढाऱ्याचें नांव न देतां शाळकरी वयाच्या मुलाचें दिलें, हें मला उचित वाटतें. येथें मुख्यतः क्रिकेटचें राज्य. रणजी करंडकाचे सामने होतात, आणि पहांटे आमच्यासारखे निवृत्त लोक प्रदक्षिणा घालतात.

आग्नेयेस देवळाली. गोऱ्या पलटणींचा तेथें मोठा तळ असे. मुदत संपलेले शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तेथें इतके कंटाळत, कीं 'डुलाली' हा वेड लागल्याच्या अर्थाचा शब्द त्यांच्या भाषेंत देवळालीच्या नांवावरून रूढ झाला. मुंबईहून आलेलें बार्न्स स्कूल १९२५ पासून तेथेंच आहे. आपल्या देशांत फुटबॉल पलटणींबरोबर आला हें प्रसिद्धच आहे. तेव्हां नाशिकच्या हवेस त्याचा पहिला वास देवळालीकडूनच लागला असावा असा माझा तर्क आहे. परंतु देवळालीपासून आमच्या शाळेपर्यंत पांच-सहा मैल यावयास त्या खेळास फार वर्षें लागलीं.

आमची शाळा जुन्या गांवांत. तिचें जें कांहीं मैदान आहे तें एका बाजूस इतकें उतरतें कीं वरच्या अंगाचा संघ अर्धा सामना आधींच जिंकलेला असतो. मध्यें दोन कडुनिंब आहेत. ते तोडावयाचे नाहींत असा सर्वांचा एकमतानें ठराव, म्हणून मुलें त्यांना प्रतिपक्षाचे खेळाडू समजून चेंडू काढावयास शिकलीं. या मैदानावर फुटबॉल खरा आला तो १५ सप्टेंबर २०१७ रोजीं. सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा त्या वर्षीं आपल्या देशांत भरावयाची होती आणि तिचे कांहीं सामने नव्या मुंबईस व्हावयाचे होते. त्या निमित्तानें महाराष्ट्रांतील लाखों शाळकरी मुलांनीं एकाच दिवशीं फुटबॉल खेळावा अशी योजना शासनानें केली होती. त्या दिवशीं आमच्या येथें पांचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग एकाच वेळीं मैदानांत उतरले आणि एका चेंडूमागें शंभर-दीडशें मुलें धांवलीं. तो फुटबॉल नव्हता, कुंभमेळा होता. परंतु दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर सातवीचीं दहा-बारा मुलें आपण होऊन मागें राहिलीं. पुढच्या महिन्यांत, ९ ऑक्टोबरास, दिल्लीच्या सामन्यांत मणिपूरच्या जीकसन सिंगानें कोलंबियावर गोल केला. हिंदुस्थानच्या संघानें फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेंत केलेला तो पहिला गोल. आपण तो सामना हरलों, दोनास एक. मुलांच्या लक्षांत हरणें राहिलें नाहीं, गोल राहिला. त्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणजे मराठी बोलणारा मुलगा तेथवर जातो हेंही त्यांना दिसलें.

हींच सातवीचीं मुलें २०१९ च्या जूनांत नववींत आलीं आणि आमच्या शाळेचा पहिला संघ उभा राहिला. मुलें सोळा, बुटांचे जोड नऊ. कोणी कोणते बूट घालावयाचे याचा एक तक्ताच क्रीडाशिक्षकांनीं केला होता. बदली खेळाडू आंत जावयाचा तो आधीं कांठावर बसून बाहेर येणाऱ्याचे बूट चढवावयाचा. मुलांचीं नांवें मी मुद्दामच देत नाहीं. तीं आतां मोठीं झालीं आहेत आणि त्यांना तें आवडेलच असें नाहीं. कप्तान एका वैदिक घराण्यांतला, डाव्या पायाचा. गोलरक्षक एका भांडीवाल्याचा मुलगा, उंचीनें सर्वांत लहान, पण झेप अशी कीं मांजरानें शिकावी. मला खेळांतील कांहीं कळत नव्हतें. मी वही घेऊन कांठावर बसत असें आणि हजेरी, गोल व जखमा यांची नोंद ठेवीत असें.

सराव कोठें करावयाचा हा पहिला प्रश्न. पहांटे साडेपांचास गोल्फ क्लबाच्या मैदानावर जावें तर सातास क्रिकेटवाले जाळ्या लावावयास येत. संध्याकाळीं गंगेकांठचें गौरी पटांगण. तेथें जमीन इतकी टणक कीं पडलेल्या मुलाचा गुडघा दुसऱ्या दिवशींपर्यंत ओळखूं येई. शिवाय बुधवारीं गंगेवर आठवड्याचा बाजार भरतो. म्हणून बुधवारीं सराव नाहीं, हा आमच्या संघाचा अलिखित नियम. गुरुवारीं पटांगणावर कोबीचीं पानें आणि कांद्याचीं सालपटें असावयाचीं. त्यांवरून घसरत घसरत आमचा एक मुलगा चेंडू असा कांहीं वळवावयास शिकला, कीं पुढें सामन्यांतही तो तसाच घसरे आणि पंच शिट्टी फुंकीत.

फुटबॉलाचा हंगाम आमच्याकडे पावसाळ्यांत पडतो. कोल्हापुरास तो हिवाळ्यांत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला म्हणजे पेठांचीं घरें ओस पडतात. तेथें खेळ तालमींचा आहे, म्हणजे गल्लीचा आहे. पोर आपल्या बापाच्या संघासाठीं खेळतें, मास्तरासाठीं नव्हे. नाशकास खेळ शाळेचा, आणि शाळेचा म्हणजे शासकीय वेळापत्रकाचा. दिल्लीस एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ १९६० पासून शाळांची जी स्पर्धा भरते तिच्या जिल्हा-फेऱ्या जुलैच्या सुमारास. मागाहून शालेय क्रीडास्पर्धा. दोन्हीकडे बाद फेरी, म्हणजे हरला तो घरीं गेला. जो संघ पहिल्याच दिवशीं हरतो त्याचा सबंध वर्षाचा हंगाम तासाभरांत आटोपतो. बारा महिने गुडघे फोडून घ्यावयाचे आणि तासाभरांत निकाल, ही व्यवस्था ज्यानें ठरविली त्यानें मुलांस कधीं शिकविलें नसावें.

पाऊस आमचा अनियमित. त्र्यंबकास तो कोसळतो, नाशकास रिमझिमतो, सिन्नरावरून नुसते ढग पुढें जातात. जुलैच्या अखेरीस पहिला सामना झाला तेव्हां मैदानावर काळ्या मातीचा राड होता. आमच्या मुलांस राडीची संवय. उलट ज्यांचे बूट नवे होते ते सरकत होते. कप्तानानें उत्तरार्धांत डाव्या पायानें एक गोल केला आणि आम्ही जिंकलों. दुसरा सामना तीन दिवसांनीं, एका हिरवळ असलेल्या शाळेच्या संघाशीं. तेथें आमच्या मुलांस पहिल्यांदाच समजलें कीं, चेंडू जमिनीवरून सरळ जातो. उतारावर आणि पटांगणावर शिकलेलीं मुलें तीं. प्रत्येक चेंडू कोठें वळेल याचा आधीं अंदाज बांधावयाचीं, आणि चेंडू वळेना. शून्यास तीन गोलांनीं हरलों. परत येतांना कोणी बोललें नाहीं. गोलरक्षकानें मात्र एक प्रश्न विचारला, "सर, गवत आपल्या शाळेंत कां उगवत नाहीं?" क्रीडाशिक्षक म्हणाले, "तुम्ही उगवूं देत नाहीं म्हणून."

आतां कप्तानाच्या घराकडे वळलें पाहिजे, कारण या हंगामाचा खरा सामना तेथें चालला होता. गंगेच्या वरच्या अंगास एक जुना वाडा. तीन भाऊ, तिघांचीं बायकामुलें आणि वर आजोबा. आजोबांस सर्व गांव शास्त्रीबुवा म्हणतें. पहिला तंटा मोज्यांवरून झाला. सामन्यानंतर मुलानें आपले चिखलानें माखलेले लांब मोजे धुवून माडीवरील दांडीवर टाकले. दांडीच्या दुसऱ्या टोकास काकूंचें सोवळें वाळत होतें. काकूंनीं तें पुन्हां भिजविलें, आणि त्या दिवशीं नैवेद्यास तासभर उशीर झाला. आजोबा मुलास कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं मला निरोप धाडला.

मी गेलों. शास्त्रीबुवांनीं पाट दिला, चहा आला. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही संस्कृतचे. या कातड्याच्या गोळ्यामागें तुम्हींही उभें राहावें याचें नवल वाटतें. गोऱ्या शिपायांचा खेळ हा. आपल्यांत कोणी असलें खेळल्याचें ऐकलें आहे काय?"

मीं दंडीच्या दशकुमारचरिताची आठवण दिली. मित्रगुप्ताच्या कथेंत कंदुकावती नांवाची राजकन्या कंदुकोत्सवांत चेंडू खेळते, आणि तो उत्सव सुह्मदेशांतील दामलिप्त नगरींत भरतो. दामलिप्त म्हणजे ताम्रलिप्ति, म्हणजे आजच्या बंगालचा भाग. आणि आज चेंडूसाठीं वेडा प्रांत कोणता, तर बंगालच. त्याच बंगालच्या मोहन बागान संघानें २९ जुलै १९११ रोजीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीस एकास दोन गोलांनीं हरविलें. अकरांपैकीं दहा जण अनवाणी होते, बूट एकाच्याच पायांत. गोऱ्या शिपायांचा खेळ गोऱ्या शिपायांवरच उलटविलेला होता, एवढें मीं विनयानें सांगितलें.

शास्त्रीबुवांनीं सर्व ऐकून घेतलें. "कंदुकावती हातानें खेळत होती, मास्तर," ते म्हणाले. "आणि ती राजकन्या होती. तिला दहावीची परीक्षा नव्हती."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. मग बोलतां बोलतां त्यांनींच द्रोणाचार्यांची कथा काढली. कुरुकुमारांचा चेंडू विहिरींत पडला तो आचार्यांनीं गवताच्या काड्यांनीं काढला ती. मीं म्हटलें, मूळांत चेंडू नाहीं, 'वीटा' आहे, आणि टीकाकार नीलकंठ चतुर्धर तिचा अर्थ जवाच्या आकाराचा लांकडाचा तुकडा असा करतात. म्हणजे ती आपली विटी. नीलकंठांचें घराणें आपल्याच गंगेकांठच्या कोपरगांवचें. सतराव्या शतकांत ते काशीस राहिले, पण लहानपणीं विटीदांडू खेळल्यावांचून असा अर्थ कोणास सुचेल? शास्त्रीबुवा मोकळेपणानें हंसले. चहाचा दुसरा पेला आला. निर्णय मात्र बदलला नाहीं: नववींत खेळावें, दहावीचें वर्ष लागलें कीं चेंडू माळ्यावर. मोज्यांपुरती काकूंनीं तडजोड केली. मागच्या सज्जांत एक दुसरी दोरी बांधून दिली.

असें होतें तों ४ ऑगस्टाचा रविवार उजाडला. त्र्यंबकाकडे आदल्या रात्रीपासून धो धो चालला होता. गंगापूरच्या धरणांतून पाणी सोडावें लागलें. नाशकांत पूर मोजण्याचें माप म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याशीं आलें, कमरेशीं आलें, असें लोक म्हणतात आणि त्यावरून दुकानें आवरावयाचीं कीं नाहीं तें ठरवितात. त्या दिवशीं मारुती दिसेनासाच झाला. सराफबाजारांत आणि भांडीबाजारांत पाणी शिरलें. गौरी पटांगण कोठें होतें तें ज्याचें त्यानें आठवावें. त्याच आठवड्यांत कोल्हापुरासही पंचगंगेनें हाहाकार मांडला.

शास्त्रीबुवांच्या वाड्याचें तळघर आणि खालची ओसरी पाण्यांत जाणार हें दिसूं लागलें तेव्हां कप्तानानें संघाला हांक मारली. गोलरक्षकाच्या बापाचें दुकान भांडीबाजारांतच. तें आवरून तो मुलगाही आला. अकरा-बारा मुलें ओसरीपासून माडीपर्यंत जिन्यावर उभीं राहिलीं आणि हातोहात सामान वर चढलें: धान्याचे डबे, देवांचा देव्हारा, आणि शेवटीं तांबड्या फडक्यांत बांधलेल्या पोथ्या. शास्त्रीबुवा माडीवर बसून एकेक पोथी मोजून घेत होते. मुलें एकमेकांस ओरडून सांगत होतीं, "माझ्याकडे दे," "डावीकडे बघ," "सोड आतां." मैदानावर जे शब्द तेच जिन्यावर. एकही पोथी भिजली नाहीं. शास्त्रीबुवांनीं त्या दिवशीं खेळाविषयीं अवाक्षर काढलें नाहीं.

पुरानंतर गंगेकांठीं चिखलाचा थर साचला. सराव दहा-बारा दिवस बंद राहिला. शालेय स्पर्धेंतील पहिला सामना बरोबरींत सुटला, एकास एक, आणि पेनल्टीच्या फटक्यांवर आम्ही निघालों. लहानग्या गोलरक्षकानें दोन अडविले. दुसऱ्या सामन्यांत शेवटच्या दोन-तीन मिनिटांत एक गोल झाला आणि आम्ही बाद. माझ्या वहींतील हिशेब असा: सामने चार, जय दोन, पराजय दोन, केलेले गोल दोन, झालेले पांच, फुटलेले गुडघे मोजले नाहींत. कोणत्याही वर्तमानपत्रांत ओळ आली नाहीं, आणि येण्यासारखें कांहीं नव्हतेंही. परंतु जूनांत जीं मुलें चेंडूमागें घोळक्यानें धांवत तीं सप्टेंबरांत आपापली जागा सोडीनाशीं झालीं होतीं. चेंडू आपल्याकडे नसतांनाही आपलें काम असतें, हें चौदा वर्षांच्या मुलास कळणें, विशेषतः ज्या घरांत पंधरा माणसें एका स्वयंपाकघरावर जगतात त्या घरांतल्या मुलास, मला फार मोलाचें वाटलें.

१५ जानेवारी २०२०, संक्रांतीचा दिवस. तिळगूळ द्यावयास वाड्यावर गेलों होतों. शास्त्रीबुवांनीं आपण होऊन विषय काढला. "मास्तर, गोकुळाष्टमीपर्यंत खेळूं द्या त्याला दहावींत. पुढें पुस्तक." मुलगा दाराआड उभा होता, त्यानें तेवढेंच ऐकलें आणि जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत गेला. फेब्रुवारींत संघानें नवा तक्ता केला. बुटांचे जोड आतां तेरा झाले होते.

मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या तें वाचकांस सांगावयास नकोच. त्या वर्षीं दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली नाहीं. पहिल्या सत्राच्या आणि वर्गांतील चांचण्यांच्या गुणांवर मुलें दहावींत गेलीं. जून आला, पाऊस आला, गोकुळाष्टमी आली आणि गेली. शाळेच्या फाटकास कुलूप. दिल्लीची सुब्रतो स्पर्धा २०२० मध्यें झाली नाहीं, २०२१ मध्येंही झाली नाहीं. कप्तान त्या लहान पडद्यावर दहावीचे धडे ऐके आणि मागच्या सज्जांत भिंतीवर डाव्या पायानें चेंडू मारी, काकू म्हणत, "मार, पण दोरीला लागूं देऊं नको."

एप्रिल २०२१ मध्यें दहावीची परीक्षाच रद्द झाली. ज्या परीक्षेच्या नांवानें आमच्या घराघरांतून कित्येक वर्षें चेंडू, पेटी, तबला आणि चित्रांच्या वह्या माळ्यावर चढल्या, ती परीक्षा त्या वर्षीं भरलीच नाहीं. निकाल कसा लावावयाचा, तर प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकीं तीस दहावीच्या वर्षभरांतील कामाचे, वीस तोंडी, प्रात्यक्षिक वा गृहपाठाचे, आणि पन्नास नववीच्या निकालाचे. नववीचा निकाल म्हणजे मुख्यतः पहिलें सत्र, आणि पहिलें सत्र म्हणजे जून ते ऑक्टोबर २०१९. ज्या महिन्यांत मुलगा पहांटे साडेपांचास गोल्फ क्लबावर होता, संध्याकाळीं कोबीच्या पानांवर घसरत होता आणि पुरांत जिन्यावर उभा होता, त्याच महिन्यांच्या गुणांवर त्याच्या दहावीचा अर्धा निकाल उभा राहिला.

मीं जुन्या गुणपत्रिका काढून संघांतील मुलांचे आठवीचे आणि नववीच्या पहिल्या सत्राचे गुण शेजारीं शेजारीं मांडले. शिक्षकाची खोड जात नाहीं. दोघांचे घसरले होते, त्यांत आमचा घसरणारा मुलगा एक. चौघांचे वाढले होते. बाकीच्यांचे जेथल्या तेथें. खेळानें बुद्धि वाढते असें सांगणाऱ्या व्याख्यात्यांस या कागदाचा उपयोग नाहीं, आणि खेळानें वर्ष बुडतें म्हणणाऱ्या वडील मंडळींसही नाहीं. मीं तो शास्त्रीबुवांस दाखविला. त्यांनीं चष्मा लावून दोनदां वाचला आणि विचारलें, "यांत संस्कृताचे किती?" नातवाचे संस्कृताचे गुण शंभरांत त्र्याण्णव होते. "मग तुम्हांस काय, तुम्ही खेळा म्हणणारच," ते म्हणाले.

स्पर्धा २०२२ मध्यें पुन्हां सुरू झाल्या तेव्हां आमचा पहिला संघ बारावींत होता. सतरा वर्षांखालच्या गटाचें दार त्यांना बंद झालें होतें. बहुतेकांनीं शाळेच्या नांवानें पुन्हां एकही सामना खेळला नाहीं. त्यांची कारकीर्द चार सामन्यांची. गोलरक्षक बापाच्या दुकानीं बसतो. कप्तान पुढें पुण्यास शिकावयास गेला. तेथें रविवारीं कोठें तरी खेळतो असें ऐकतों.

शाळा उघडली तेव्हां एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांत भरली. दोन पावसाळे मुलांचे पाय लागले नव्हते. उतारावर, कडुनिंबांखालीं, अगदीं गोलाच्या तोंडाशींही पोटरीएवढें गवत वाढलें होतें. क्रीडाशिक्षकांनीं तें विळ्यानें कापून घेतलें, उपटूं दिलें नाहीं. त्या वर्षींच्या संघानें आपले सामने होईपर्यंत त्या हिरवळीवर सराव केला. दिवाळीच्या सुटीनंतर पाहिलें तर जमीन पूर्वीसारखी उघडी.

कप्तानाचा चुलत भाऊ आतां नववींत आहे आणि उजव्या पायाचा आहे. त्याला शास्त्रीबुवांनीं गोकुळाष्टमीची अट घातली आहे कीं नाहीं, तें मीं विचारलें नाहीं. परवां वाड्यावरून जातांना मागच्या सज्जांत पाहिलें. दुसऱ्या दोरीवर मोज्यांचे दोन जोड वाळत होते.